आजोबांच्या बाहीचा मास्क

"मुलीला काय सांगायचं ते सांग श्रद्धा, पण माझं नाव त्यात घालू नकोस," असे आजोबा म्हणाले होते.

श्रद्धा तेव्हा दारात उकिडवी बसून माझे इलॅस्टिक मुक्ताईच्या कानामागे अडकवत होती. शाळेला उशीर होत होता. "अहो बाबा, असं सांगितल्याशिवाय मुलं ऐकत नाहीत," ती मान न वळवता म्हणाली, आणि जे सांगायचे होते ते तिने पुन्हा सांगितले. आजोबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले. विषय तिथेच संपला, असे तिला वाटले. मलाही तसेच वाटले होते.

मित्रांनो, मी एक जुना मास्क आहे. कापडी आहे, निळ्या चौकड्यांचा आहे, आणि एका बाजूने जरासा तिरका आहे. वारज्यातल्या एका फ्लॅटमध्ये, शिवणाच्या डब्यात, रिळे आणि सुटी बटणे यांच्या संगतीत मी पडून असतो. तुमच्यापैकी मोठ्या मुलांना माझ्यासारखा मास्क लावून शाळेत गेल्याचे आठवत असेल. लहान मुलांनी तो काळ फक्त ऐकला असेल. काही गोष्टी मला अजून डाचतात, त्या तुम्हाला सांगाव्यात असे वाटते.

मी पूर्वी एका शर्टाची डावी बाही होतो. तो शर्ट आजोबांचा. आजोबा म्हणजे श्रद्धाचे सासरे, मुक्ताईच्या वडिलांचे, योगेशचे वडील. त्यांचे नाव शरच्चंद्र. स्वारगेटच्या बस डेपोत ते टाइमकीपर होते. कुठली गाडी कधी सुटायची, कुठली उशिरा आली, हे पाहण्यात त्यांचे आयुष्य गेले. सुट्टीच्या दिवशी ते हा निळा शर्ट घालत. पुढे त्याची कॉलर विरली, पण बाह्या धडधाकट होत्या. त्यामुळे तो टाकवेना आणि घालताही येईना. कपाटात मी कितीतरी दिवस घडी होऊन बसलो होतो.

मग ती साथ आली. दुकाने बंद झाली, रस्ते ओस पडले, आणि तोंड झाकल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकायचे नाही असे ठरले. मास्क विकत मिळेनात. श्रद्धाने मोबाइलवर बघून बघून घरीच मास्क शिवायचे ठरवले. तिने त्या शर्टाच्या दोन्ही बाह्या कापल्या. डाव्या बाहीचा मी झालो, मुक्ताईसाठी. उजव्या बाहीचा माझा जुळा भाऊ झाला, श्रद्धासाठी. इलॅस्टिक योगेशच्या जुन्या पायजम्यातून काढले होते, हे मी कुणाला सांगत नसे. श्रद्धा शिकलेली, हुशार बाई, पण शिवणयंत्रावर तिचा हात बसलेला नव्हता. म्हणून मी असा तिरका.

आजोबांनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिले. "म्हणजे आमचे हात कापून तुम्ही तोंडावर बांधणार," ते म्हणाले. "बरं आहे. नात तसंही माझं ऐकत नाही, निदान बाही तरी तिच्या तोंडावर राहील."

मुक्ताई खूप हसली. तिने मला लावले, आणि मला पहिल्यांदा माणसाचा श्वास लागला. ऊबदार, दुधाच्या वासाचा. बाही असताना मला फक्त मनगट ठाऊक होते.

सुरुवातीला मला फारसे काम नव्हते. मुक्ताईची पहिलीची शाळा मोबाइलमध्येच भरत होती. दुपारी ती आणि आजोबा बस-बस खेळत. आजोबांची आरामखुर्ची हीच बस. ते मोठ्याने पुकारत, "चला, स्वारगेट, स्वारगेट, मागे जागा आहे." मुक्ताई धावत येऊन त्यांच्या मांडीवर चढे. मग ते खुर्चीच्या हातावर बोटांनी दोनदा टकटक करत. डबल बेल मिळाल्याशिवाय गाडी हलत नसे. खुर्ची डुलायला लागली की मुक्ताई तिकिटे फाडे, आणि आजोबा दर फेरीला सुटे पैसे नाहीत म्हणून तिच्याशी भांडत.

श्रद्धा मात्र हसायची कमी झाली होती. त्याचे कारण मी सांगतो, म्हणजे तुम्ही तिच्यावर उगाच रागावणार नाही. डेपोतल्या धुराने आजोबांची फुप्फुसे आधीच खराब झालेली होती. "त्यांना हा आजार होऊ देऊ नका," डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन बजावले होते. त्यातच समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ स्वतःच्या पायांनी चालत रुग्णवाहिकेत बसले. श्रद्धाने ते गॅलरीतून पाहिले. ते परत आले नाहीत. त्या दिवसापासून ती भाजीची पिशवीसुद्धा साबणाने धुऊ लागली. घरात कुणी शिंकले की ती हातातले काम टाकून बघायला येई.

पुढे शाळा उघडली, पुन्हा बंद झाली, आणि थंडी सरता सरता पुन्हा उघडली. मुक्ताई आता दुसरीत होती. श्रद्धाची अवस्था फार वाईट झाली. मुलीला पाठवावे तर भीती, न पाठवावे तर वर्ष वाया. शेवटी तिने पाठवले, पण रोज सकाळी दारात एक वाक्य ठरलेले असे.

"मास्क काढलास तर आजोबांना होईल. लक्षात आहे ना?"

"हो."

"काय होईल?"

"आजोबांना होईल."

परवचा म्हणावा तशी मुक्ताई ते म्हणत असे. आत खुर्चीत आजोबांना सगळे ऐकू जाई. त्याच दिवसांत ते तसे म्हणाले होते, माझे नाव त्यात घालू नकोस म्हणून.

शाळेत मात्र माझी छाती फुगली. सुहासिनीबाई मुक्ताईच्या वर्गशिक्षिका. त्यांनी पहिल्याच दिवशी मला बोट लावून विचारले, "किती छान मास्क आहे. कुठून आणलास?"

"आजोबांच्या शर्टाचा आहे," मुक्ताई म्हणाली.

"म्हणजे आजोबा शाळेत आलेत म्हण की."

माझ्या बाजूच्या पांढऱ्या, निळ्या, कार्टूनवाल्या मास्कांना हे भाग्य नव्हते. मी फार ऐटीत राहू लागलो. मुले एका बाकावर एकेक बसत. डबा खाण्यापुरता मास्क खाली करायचा, समोर बघून खायचे, बोलायचे नाही, खाऊ वाटायचा नाही, असे नियम होते. मुक्ताई पटापट चार घास खाई आणि मला वर ओढून घेई.

तिच्या मागच्या बाकावर शहेजाद बसायचा. आमच्याच सोसायटीतला, पलीकडच्या विंगमधला. त्याची आई नाजिमा बँकेत होती. श्रद्धाची आणि तिची चांगली मैत्री होती. शाळा मोबाइलवर असल्यापासून शहेजाद आणि मुक्ताई एका वर्गात होते, पण मोबाइलच्या चौकटीत त्याचे फक्त कपाळ दिसायचे, आणि शाळेत आल्यावर फक्त डोळे.

त्या आठवड्यात शहेजादचा वाढदिवस आला. खाऊ वाटायला बंदी होती. पण त्याने खिशात लपवून दोन चॉकलेटे आणली होती, एक त्याचे आणि एक मुक्ताईचे. मधल्या सुट्टीत दोघे पाण्याच्या टाकीमागे गेले.

"आधी तू काढ," शहेजाद म्हणाला.

"नको, आधी तू."

"एकदम काढू."

दोघांनी एकदम मास्क हनुवटीवर ओढले आणि एकमेकांकडे बघत राहिले.

"तुझा दात पडलाय," मुक्ताई म्हणाली.

"तुझे दोन पडलेत. तू आजीसारखी दिसतेस."

इतके हसली ती दोघे. मी हनुवटीखाली गोळा होऊन पडलो होतो, आणि खरे सांगतो, मला राग आला नाही. तोंड झाकणे हे माझे काम, पण त्या तोंडावर असे काही असते हे मी पाहिलेच नव्हते. चॉकलेट संपले. मुक्ताईने मला वर घेतले. आतून मला चॉकलेटचा डाग पडला होता.

त्याच आठवड्यात घरी आणखी एक गोष्ट घडली. रथसप्तमी जवळ आली होती, संक्रांतीच्या हळदीकुंकवांचे शेवटचे दिवस. वरच्या मजल्यावरच्या भाग्यश्रीने श्रद्धाला बोलावले. "चारच जणी आहोत गं. किती दिवसांत कुणाचं तोंड बघितलेलं नाही," ती फोनवर म्हणाली. श्रद्धा आधी नाही म्हणाली, मग होय म्हणाली. तिने कपाटातून काळी साडी काढली आणि माझ्या जुळ्या भावाला तोंडावर लावून ती वर गेली.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना धुऊन गॅलरीतल्या दोरीवर शेजारी शेजारी चिमटे लावले होते. 

"काल मजा आली असेल," मी म्हणालो.

"मला काय ठाऊक. मी पर्समध्ये होतो."

"म्हणजे?"

"दारातच काढलं मला. हळदीकुंकू झालं, अत्तर झालं, हलवा झाला. मग फोटो काढायचा म्हणून सगळ्या एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या. हसण्याचे आवाज ऐकू येत होते. मला घरी आल्यावर बाहेर काढलं."

 चॉकलेटचा डाग माझ्यावरून पुरता गेला नव्हता, तेव्हा मी बोलणार काय.

दोन-तीन दिवसांत आजोबांना ताप भरला. मग खोकला. मग बोटाला लावायच्या त्या छोट्या यंत्रावरचा आकडा खाली खाली येऊ लागला. योगेश त्यांना दवाखान्यात घेऊन गेला. जाताना आजोबांनी दारातून मुक्ताईकडे पाहिले आणि चौकटीवर बोटांनी टकटक केले. दोनदा. पण मुक्ताई हसली नाही.

श्रद्धा खोलीत येरझाऱ्या घालत बहिणीशी फोनवर बोलत होती. "शाळा उघडायची काय घाई होती यांना? कितीही सांगा, मुलं मास्क काढतातच गं. मुलांनीच आणलाय घरात. दुसरं कोण आणणार?"

मुक्ताई दाराआड उभी होती. मी तिच्या तोंडावर होतो. आतला श्वास एकदम थांबला, आणि बराच वेळ सुरू झाला नाही.

मित्रांनो, मला तेव्हा बोलता यायला हवे होते. मला सांगायचे होते की, अगं, पाण्याच्या टाकीमागे फक्त तूच मास्क काढलास असे नाही. वरच्या मजल्यावरही काढले होते. आणि हा आजार नेमका कुठून शिरला हे कुणालाच सांगता येत नाही. पण मी पडलो कापडाचा तुकडा. तोंडावर दिवस काढूनही मला तोंड नाही. मला सगळे माहीत होते आणि मी गप्प होतो, याची लाज मला आजही वाटते.

भाग्यश्रीलाही ताप आला होता. ती बातमी सोसायटीच्या ग्रुपवर आली. श्रद्धाने ती वाचली आणि मोबाइल उलटा ठेवला. मग पुन्हा हातात घेऊन तिने हळदीकुंकवाचा तो फोटो काढून टाकला. डॉक्टरांनी विचारले तेव्हा ती म्हणाली, "नाही हो, मी तर कुठेच जात नाही. मुलगी शाळेत जाते तेवढीच."

आजोबा परत आले. सगळ्यांना वाटत होते त्यापेक्षा लवकर आले, पण पुष्कळ वाळून आले. त्यांच्या खुर्चीशेजारी ऑक्सिजनचे यंत्र घरघर करू लागले. आवाज बारीक झाला होता, जीभ मात्र तशीच होती. "दवाखान्यातलं जेवण खाऊन माणूस बरा होतो," ते म्हणाले. "पुन्हा खायला लागू नये म्हणून."

त्यांनी खुर्चीच्या हातावर टकटक केले. "चला, स्वारगेट, स्वारगेट."

मुक्ताई दारातच उभी राहिली. मी तिच्या तोंडावर होतो. घरातसुद्धा.

"गाडी फुल आहे आजोबा," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

पुढे साथ ओसरली. गुढीपाडव्याच्या सुमारास सक्ती उठली. माझ्या ओळखीचे सगळे मास्क हळूहळू खुंटीवरून नाहीसे झाले. माझ्या भावाचे इलॅस्टिक तुटले आणि तो मिक्सर पुसायला गेला. मी मात्र रोज कामावर होतो. मुक्ताई मला उठल्यावर लावी आणि झोपताना काढी. ती आपल्या खोलीत दार लावून जेवत असे. आजोबांशी बोलायचे तर उंबऱ्याबाहेरून बोले.

श्रद्धाला यात काही खटकले नाही. उलट तिला बरेच वाटले. "आमच्या मुक्ताईला सांगावंच लागत नाही," ती आल्यागेल्याला सांगे. मोठी माणसे माझ्याकडे बघून मान डोलावत. पूर्वी असे कौतुक मला किती गोड लागले असते. पण आता मला आतली बाजू ठाऊक होती. तिथे रोज खाऱ्या पाण्याचे डाग पडत, आणि ते फक्त मला दिसत.

शाळेत ती डबा खाईनाशी झाली. खायचे म्हणजे मला खाली करावे लागणार. ती डबा मागे सरकवी आणि शहेजाद तो संपवी. सुरुवातीला त्याने एकदोनदा विचारले. "पोट भरलंय," ती म्हणाली. श्रद्धाच्या हातचे मेथीचे पराठे चांगले असतात, त्यामुळे त्याने फार चौकशी केली नाही. रिकामा डबा बघून श्रद्धा खूश होई.

जूनमध्ये मुक्ताई तिसरीत गेली. पुन्हा इकडेतिकडे रुग्ण वाढल्याच्या बातम्या येऊ लागल्या, म्हणून शाळेने पालकसभा बोलावली. मुलांनी वर्गात मास्क लावावा की नाही, एवढाच प्रश्न होता. वर्ग गच्च भरला होता. पावसाने खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि आत कोंदट झाले होते. मुक्ताई मला लावून श्रद्धाच्या शेजारी बाकावर बसली होती. पलीकडे नाजिमा आणि शहेजाद होते.

सुदर्शन नावाचे एक पालक उठले. "माझा मुलगा दोन वर्षं कुणाचा चेहरा बघू शकलेला नाही," ते म्हणाले. "बाई काय म्हणतात ते त्याला नीट ऐकू येत नाही. आता पुन्हा ते फडकं नको."

"फडकं काय म्हणता?" श्रद्धा उभी राहिली. "ज्यांच्या घरात म्हातारी माणसं आहेत त्यांना विचारा. आमच्या बाबांना ऑक्सिजन लागतोय."

"अहो, तुमच्याविषयी वाईटच वाटतं. पण लहान मुलांना दिवसभर जमतं का ते?"

"का नाही जमत? माझी मुलगी एक मिनिटसुद्धा काढत नाही. तिला जमतं तर बाकीच्यांना का नाही? मुक्ताई, उभी राहा बरं."

सगळ्यांनी वळून पाहिले. मुक्ताई उभी राहिली. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याखेरीज काही नव्हते. मला तिचा श्वास लागत होता, तोकडा, गरम, घाईघाईचा. मग तो वेडावाकडा झाला. तिने बाकाची कड धरली आणि ती खाली बसली, बसली म्हणण्यापेक्षा कोसळली.

सुहासिनीबाई धावत आल्या. "हवा येऊ द्या. मास्क काढा तिचा आधी," असे म्हणत त्यांनी माझ्याकडे हात नेला.

मुक्ताईने दोन्ही हातांनी मला तोंडावर घट्ट दाबून धरले. "नको बाई, काढू नका. आजोबांना होईल."

"काही होत नाही बाळा. थोडा वेळच."

"होतं. मागच्या वेळी मीच काढला होता. म्हणून आजोबांना झालं."

 श्रद्धाचे तोंड उघडे ते उघडेच राहिले. ते वाक्य तिच्या ओळखीचे होते. रोज दारात तिनेच ते मुलीच्या तोंडी बसवले होते, आणि आता ते चारचौघांत, तिच्याच मुलीच्या तोंडून, तिच्यासमोर उभे होते. तिला कुठे बघावे कळेना. शेवटी तिने माझ्याकडे पाहिले. बाही असल्यापासून ती मला ओळखत होती, पण असे तिने मला कधी पाहिले नव्हते.

सुदर्शन यांनी आपली पाण्याची बाटली पुढे केली. वादात आपण जिंकलो असे काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हते.

"ती डबा खात नाही," शहेजाद खालमानेने म्हणाला. "मी खातो."

नाजिमा त्याच्याकडे बघतच राहिली. मग श्रद्धाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "मी म्हणतेय, माझ्या मुलाच्या सगळ्या चड्ड्या घट्ट कशा होतायत. चल, हिला घरी ने. सभा होत राहील."

दोघी रिक्षाने घरी आल्या. आजोबा खुर्चीत होते. यंत्र घरघरत होते. मुक्ताई सवयीने दारात थांबली, आणि तिथूनच तिने सगळे सांगून टाकले. पाण्याची टाकी, चॉकलेट, पडलेले दात, सगळे. "मी एकदाच काढला होता," ती शेवटी म्हणाली. "मला माहीत नव्हतं एकदा काढला तरी होतं."

श्रद्धा जमिनीवर बसली. ती काहीतरी समजुतीचे बोलेल असे मला वाटले होते. पण तिला रडू येत होते आणि ते ती गिळत होती.

"मुक्ताई, मीसुद्धा काढला होता," ती म्हणाली. "त्याच आठवड्यात. भाग्यश्रीमावशीकडे. पूर्ण संध्याकाळ. तुला रोज सांगत होते आणि स्वतः तोंड उघडं टाकून हसत बसले. मावशीला ताप आला ते मला कळलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांनासुद्धा नाही. सगळं तुझ्या शाळेवर ढकललं." मग ती आजोबांकडे वळली, पण तिची मान काही वर झाली नाही. "बाबा, तुमच्याशीही खोटं बोलले मी."

"माझ्याशी नाही बोललीस," आजोबा म्हणाले. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"अगं, कपाळावर हळदकुंकू घेऊन, अत्तराचा घमघमाट करत जी बाई घरात येते, ती काय रेशनच्या रांगेत उभी होती? मला वास येत होता तेव्हा. नंतर गेला."

श्रद्धाने पदराने डोळे पुसले. "मग बोलला का नाहीत?"

आजोबा जरा थांबले. लांब वाक्यासाठी त्यांना आता श्वास गोळा करावा लागे. "तू रोज माझं नाव घेऊन पोरीला धाक घालत होतीस. मी तुझं नाव घेऊन कुणाला धाक घालू? घरात तेवढं एकच काम शिल्लक होतं का?"

 श्रद्धाला तेव्हा वाटलेली लाज मी पाहिली आहे. ती रागाने लाल झालेल्या चेहऱ्याची नव्हती, एकदम लहान झालेल्या चेहऱ्याची होती.

"आणि मी काय गुणाचा होतो?" आजोबा पुढे म्हणाले. "खाली कट्ट्यावर देशपांड्यांशी बोलताना मास्क दाढीलाच असायचा माझा. त्यांना ऐकायला येत नाही, ओरडावं लागतं. तेव्हा कुणाच्या गाडीतून हा आजार आला, हे डेपोलासुद्धा सांगता येणार नाही. चाळीस वर्षं गाड्या मोजल्यात मी. चॉकलेटच्या गाडीतून आला असं लिहून द्यायला मी तयार नाही." 

मग त्यांनी खुर्चीच्या हातावर बोट आपटले. एकदाच. "गाडी थांबली आहे," ते म्हणाले. "मागे जागा आहे. प्रवासी येत नाही तोवर दुसरी बेल मिळणार नाही."

मुक्ताई उंबऱ्यावर बराच वेळ उभी होती. तिने आईकडे पाहिले. श्रद्धाने मान हलवली, पण उठून मला काढायला आली नाही. मला वाटते, तिने त्या दिवशी केलेली ही सगळ्यात चांगली गोष्ट. मुक्ताईने स्वतःच एक कान मोकळा केला, मग दुसरा. मी तिच्या मुठीत आलो. महिन्यांमागून महिने मी झाकून ठेवलेला तो चेहरा घराने पाहिला. तिचे पुढचे दोन्ही दात पुन्हा आले होते, आणि ते कुणीच पाहिले नव्हते.

दुसरी बेल झाली.

त्या दुपारी तिने आजोबांच्या मांडीजवळ बसून दोन पराठे खाल्ले. तिसरा अर्धा आजोबांनी सुट्या पैशांच्या बदल्यात मागून घेतला.

सगळे एका दिवसात नीट झाले नाही. मुक्ताई पुढेही कितीतरी दिवस मला दप्तरात ठेवत असे आणि मधूनमधून हात घालून चाचपून बघत असे. श्रद्धाही पुढच्या पालकसभेला गेली. मास्क हवाच, असे ती पुन्हा म्हणाली. पण या वेळी तिने मुलीला उभे केले नाही, आणि मुलांना काय सांगून मास्क लावायचा यावरही बोलू या, असेही ती म्हणाली. नंतर एक दिवस मुक्ताईने मला दप्तरातून काढले आणि शिवणाच्या डब्यात ठेवले. तेव्हापासून मी इथे आहे.

मित्रांनो, मला शाळेत लावावे की नाही यावर मोठ्या माणसांनी खूप वाद घातला. मला विचाराल तर मला माझ्या कामाची लाज वाटत नाही. साथ असेल, डॉक्टर सांगत असतील, घरात आजोबांसारखे कुणी असेल, तर मला किंवा माझ्यासारख्याला अवश्य लावा. स्वच्छ धुवा, उन्हात वाळवा, नाकावरून घसरू देऊ नका. एक बाही दुसऱ्याच्या उपयोगी पडते याचे मला समाधानच आहे. मला लाज वाटते ती एवढीच, की मी श्वास अडवायला शिवलो गेलो आणि बोलणे अडवत बसलो. माझ्या इलॅस्टिकला कुणीतरी एक भीती बांधली होती, आणि ती धुण्यात जात नव्हती.

तुमच्या वर्गातही असे कुणी असेल. मास्कच असेल असे नाही. कुणी बाह्या खाली ओढून बसत असेल, कुणी मधल्या सुट्टीत बाकावरच थांबत असेल, कुणी "पोट भरलंय" म्हणून डबा तुमच्याकडे सरकवत असेल. शहेजादसारखा तो चटकन संपवू नका. उद्या मधली सुट्टी झाली की डबा सरकवणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसा. आपला डबा उघडा, आणि त्याने खरेच काही खाल्ले आहे का, तेवढे बघून या.